साहेबांच्या मनातले प्रश्न

‘‘ताई, पाच मिनिटं आहेत तुम्हाला,’’ साहेब म्हणाले आणि मी पर्समधून चार फूलस्केप कागद काढले!

आता हसू येतं. तेव्हा मात्र घशाला कोरड पडली होती. 2024 च्या जानेवारीतली गोष्ट. बचतगटांना कर्ज देण्यासाठी एका बँकेनं बैठक ठेवली होती. एकेका गटानं आपल्या धंद्याची माहिती सांगायची, प्रेझेंटेशन म्हणा ना, आणि मग साहेब ठरवणार. आमच्या गटात मी बारावी शिकलेली, म्हणून ‘तूच बोल’ असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मी रात्री जागून भाषण लिहिलं. ‘आदरणीय व्यासपीठ’पासून सुरुवात. मग जिजाऊ, मग सावित्रीबाई, मग महिला सक्षमीकरण, मग गटाची स्थापना कधी झाली, अध्यक्ष कोण, सचिव कोण... तिसऱ्या पानावर आले तेव्हा साहेबांनी घड्याळ पाहिलं. आम्हाला पैसे कशाला हवेत, ते चौथ्या पानावर होतं.

‘‘छान बोललात. बघू,’’ साहेब म्हणाले. हे ‘बघू’ म्हणजे काय असतं, ते तुम्हाला सांगायला नकोच.

परतीच्या एसटीत कुणी कुणाशी बोललं नाही. आमचं जळकोट सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, नळदुर्गच्या पुढं आणि उमरग्याच्या अलीकडं. नळदुर्गचा किल्ला मागं पडला तेव्हा शेजारी बसलेल्या मावशी हळूच म्हणाल्या, ‘‘पोरी, तू लई ग्वाड बोललीस. पण पैसे कशाला पायजेत ते मला बी कळलं न्हाई. आन म्या तर गटातलीच हाय!’’

मावशींचा राग आला. खरं सांगते, घरी जाऊन रडलेसुद्धा. कारण पैसे खरंच पाहिजे होते, आणि ते सुगीच्या आत पाहिजे होते.

आमचा बारा जणींचा गट कडक भाकरी करतो. आपल्याकडं कडक भाकरी, शेंगाचटणी काय नवीन नाही. पण रस्त्यावरचे धाबेवाले आता पाकिटं मागतात, सोलापूरचा एक दुकानदारही घेतो. अडचण ज्वारीची. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते तेव्हा भाव खाली असतो. आमच्याकडं तेव्हा पैसे नसतात. म्हणून आम्ही दर महिन्याला थोडी थोडी घेतो, आणि श्रावणापर्यंत तीच ज्वारी क्विंटलमागं 600 रुपयांनी चढलेली असते. हे आमच्याच वहीतले आकडे आहेत. सुगीत एकदम 20 क्विंटल भरून ठेवता आली तर वर्षाची घोर मिटली! गटातली एक जण तर एकटी आहे, दोन लेकरं आणि म्हातारी सासू. भाकरीचे पैसे हेच तिच्या घरात येणारे पैसे. ती त्या दिवशी एसटीत खिडकीकडं तोंड करून बसली होती, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हतं.

असो. पुढची बैठक फेब्रुवारीच्या शेवटी होती आणि ‘ज्यांचं राहिलंय त्यांनी परत यावं’ असा निरोप होता. म्हणजे संधी होती. पण करायचं काय? वक्तृत्वाचं पुस्तक आणावं का? आरशापुढं उभं राहावं का? वाट सापडली ती माझ्या लेकीमुळं, आणि तिच्यामुळं आनंदीबाई जोशींमुळं.

लेकीच्या शाळेत भाषणाची स्पर्धा होती. विषय डॉ. आनंदीबाई जोशी. ती मोठ्यानं पाठ करत होती आणि मी पीठ मळत होते. आनंदीबाईंचं नाव आपल्याला सगळ्यांना माहीत असतं. सिनेमाही येऊन गेला 2019 मध्ये. पण त्यांनी अमेरिकेला जाण्याआधी एक जाहीर भाषण केलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. 24 फेब्रुवारी 1883, कलकत्त्याजवळचं सेरामपूर, तिथल्या कॉलेजचा हॉल. गोपाळराव तिथं पोस्टात नोकरीला होते. आनंदीबाईंना अठरा वर्षंही पूर्ण झाली नव्हती. समोर अशी माणसं, ज्यांना एका हिंदू बाईनं समुद्र ओलांडून एकटीनं शिकायला जाणं मुळीच पसंत नव्हतं. आणि बोलायचं इंग्रजीत!

अशा वेळी मी काय केलं असतं? ‘आदरणीय व्यासपीठ’. त्यांनी काय केलं? लोक त्यांना येता-जाता जे प्रश्न विचारायचे, टोमणे मारायचे, तेच त्यांनी गोळा केले. सहा प्रश्न. अमेरिकेलाच का? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकटीच का? परत आल्यावर जात तुम्हाला वाळीत टाकणार नाही का? तिकडं काही बरंवाईट झालं तर काय कराल? आणि आजवर कुठल्या बाईनं केलं नाही ते तुम्हीच का करायचं? हे सहा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेक करून उत्तरं दिली. भाषण म्हणजे तेवढंच.

माझा हात पिठातच थांबला.

पोरीला म्हटलं, ‘‘परत वाच गं ते.’’

मग आम्ही दोघींनी आणखी शोधलं. त्यांची उत्तरंही बघण्यासारखी आहेत. इथं का शिकत नाही, याचं उत्तर देताना त्यांनी नुसतं ‘सोय नाही’ म्हटलं नाही, आपल्याला काय सोसावं लागलं ते सांगितलं. मुंबईत हातात पुस्तकं घेऊन शाळेत जाताना लोक खिडक्यांतून डोकी बाहेर काढून कसे बघत राहायचे, तेही सांगितलं. वाळीत टाकण्याच्या प्रश्नावर तर त्यांनी उलट विचारलं की टाकायचं तर आत्ताच का टाकत नाही? मी तिथंही माझ्या चालीरीतींनीच राहणार आहे. केवढा हा धीर! भाषणाची बातमी पसरली आणि देशभरातून मदतीचे पैसे येऊ लागले. त्याच वर्षी 7 एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. 1886 च्या मार्चमध्ये डॉक्टर झाल्या. पुढं वर्षभरात गेल्याच, हे वाचताना दरवेळी पोटात कालवतं. पण त्या दिवशी मला त्यांच्या भाषणाची बांधणी हवी होती, ती मिळाली.

आपण काय करतो, तर आपल्याला जे सांगायचंय ते लिहून काढतो. समोरचा माणूस मात्र त्याच्या मनातला प्रश्न घेऊन बसलेला असतो. त्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत तो बाकीचं ऐकतच नाही. तुमची जिजाऊ, तुमची सावित्रीबाई त्याच्या डोक्यावरून जातात. (त्या दोघींबद्दल मला आदर आहे हो! पण कर्ज त्यांच्या नावावर थोडंच मिळणार?)

दुसऱ्या दिवशी गटाच्या मीटिंगला मी सांगितलं, आज वही बाजूला ठेवा. एकीनं साहेब व्हायचं. मावशींनी लगेच माझ्या मिस्टरांचा चष्मा लावला, खुर्चीवर पाय हलवत बसल्या आणि घसा खाकरला. ‘‘हं, काय बोलूलालाव तुम्ही? लवकर बोला, मला जेवायला जायचंय!’’ हसून हसून पुरेवाट झाली. पण गंमत अशी की चष्मा लावल्यावर मावशींच्या तोंडून जे प्रश्न आले ते अगदी नेमके होते. पैसे घेऊन एकीच्या घरी लग्नात खर्च केले तर? भाकरी खपली नाही तर? एकजण गट सोडून गेली तर तिचा हप्ता कोण भरणार? एवढी ज्वारी ठेवणार कुठं, किडे लागले तर? तुमचे मालक दारू पिऊन पैसे मागायला आले तर? (हा प्रश्न झाला तेव्हा दोघी-तिघी गप्प झाल्या.) आणि शेवटचा, ‘‘कोरोनात पाच महिने तुमची मीटिंगच झाली न्हाई, वही कोरी हाय. उद्या परत तसंच झालं तर?’’

या शेवटच्या प्रश्नानं सगळ्यांचे चेहरे उतरले. कारण पहिल्या वेळी आम्ही ती कोरी पानं दिसू नयेत म्हणून वही घाईघाईनं पुढं उलटली होती. साहेबांनी ती पाहिली होती, मला खात्री आहे. बँकेची माणसं वहीच आधी बघतात. नाबार्डनं 1992 मध्ये 500 गटांपासून बँकजोडणी सुरू केली. आता गटांना सांगतात ती पंचसूत्री म्हणजे नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि नीट हिशेब. त्यातली पहिलीच आमची मोडलेली!

मी म्हटलं, हे आपण बोलायचंच नाही. मावशी म्हणाल्या, ‘‘बैलबाजार बघितलीस का कधी? दाताला खोट असली तर घेणारा तोंड उघडून बघतोच. आपणच आधी दाखवली, तर त्यो पाय बी बघत न्हाई, शेपूट बी बघत न्हाई. म्हंतो, माणूस खरा हाय.’’

मावशी अशा कशा बोलतात, याचं मला नवल वाटायचं. त्या दिवशी कळलं. 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कोण विसरेल? त्यानंतर शासनाचा घरं दुरुस्तीचा, बळकट करण्याचा कार्यक्रम निघाला. त्यात स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीनं गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं होतं. हजारावर गावांत हे काम चाललं. घर कसं बांधायचं ते बाकीच्यांना समजावून सांगायचं. मावशी त्यातल्या एक! तेव्हा त्यांना सहीपुरतंच लिहिता येत होतं.

‘‘इंजिनेर नकाशा दाखवायचा. बाया जांभया द्यायच्या,’’ मावशी सांगत होत्या. ‘‘मग म्या नकाशा गुंडाळला.’’ आणि त्यांनी दोन्ही तळहात एकमेकांना चिकटवून उभे धरले. आपल्याकडची जुनी घरं म्हणजे दगड-मातीची जाड भिंत. ती एक दिसते, पण असतात दोन पदर, आतला आणि बाहेरचा, मध्ये माती-खडी. वर माळवदाचं ओझं. जमीन हलली की दोन पदर फाकतात. मावशींनी तळहात फाकवले. मग एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या बोटांत अडकवली. म्हणजे दोन्ही पदरांतून आरपार जाणारा दगड घातला, तर भिंत धरून राहते. ‘‘एवढंच दाखवायचे म्या. मग बाई आपल्या घरी जाऊन भिंतीला हात लावून बघायची. न विचारता प्रश्न विचारायला यायची.’’

तीस वर्षं ही बाई आमच्या गल्लीत राहते आणि आम्ही भाषण कसं करावं ते पुस्तकात शोधत होतो!

मग तयारी लागली. कागद रद्द. हातात काय धरायचं? मला हात थरथरायची भीती, कागद धरला की तोही थरथरतो आणि सगळ्यांना दिसतं. तर मी भाकरीचं ताट धरणार. आकडे कुठले सांगायचे? लेकीनं ‘वार्षिक उलाढाल’ लिहिली होती, ती काढली. त्याऐवजी एका किलोचा हिशेब. एक किलो ज्वारीच्या आमच्या 15 भाकरी होतात. विकून 90 रुपये. ज्वारी 42 ची, सरपण आणि पाकीट 18 चं, हाताला राहतात 30. तीच ज्वारी सुगीत घेतली तर 36 ला पडते, हाताला 36. एका किलोला 6 रुपये जास्त. हे कळायला कुणाला कॅल्क्युलेटर लागत नाही. कर्ज दीड लाख मागायचं ठरलं. गटाच्या पहिल्या कर्जाला जमा निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यात जास्त असेल ते द्यायचं, तारण घ्यायचं नाही, असा नियमच आहे. हे मला पहिल्या वेळी माहीत नव्हतं. 36 महिन्यांत फेडायचं तर बारा जणींना महिन्याला प्रत्येकी 400 च्या आत येतं.

आणि एक युक्ती मावशींची. आपल्याकडं तुळजाभवानीच्या नावानं गोंधळ घालतात, तो आठवा. नाईक कथा सांगतो आणि साथीदार मध्येच अडवतो, भाबडेपणानं काहीतरी विचारतो. रात्रभर लोक का जागे राहतात? नाईक एकटाच बोलत राहिला असता तर अकराला अंगण रिकामं झालं असतं. आपल्या मनातलं तो साथीदार विचारतो, म्हणून आपण बसतो. ‘‘तू नाईक, म्या साथीला,’’ मावशी म्हणाल्या. म्हणजे मी एकटीनं बोलायचं नाही, मावशी मध्ये मध्ये साहेबांचा प्रश्न विचारणार. हे जरा नाटकी होईल असं मला वाटलं. आजही वाटतं की प्रत्येक ठिकाणी हे चालणार नाही. पण आम्ही केलं.

लेकीनं मोबाईलवर वेळ लावली. पहिल्यांदा अकरा मिनिटं. मग नऊ. मला काहीच कापवेना. शेवटी एकटी राहणारी आमची मैत्रीण, जी सहसा बोलतच नाही, ती म्हणाली, ‘‘ताई, गट कसा निघाला ते काढा. ते आपल्याला आवडतं, त्यांना कशाला?’’ ते काढलं आणि साडेचार मिनिटांवर आलो.

बैठकीच्या दिवशी आमच्या आधी एका गटाच्या मुलीनं कॉम्प्युटरवर केलेल्या स्लाइड आणल्या होत्या. फुलं उडत होती, अक्षरं गिरक्या घेत होती. छान केलं होतं हो तिनं! पण चौथ्या स्लाइडला लाईट गेली आणि बिचारीला पुढचं एक वाक्य सुचेना. मला तिच्यात जानेवारीतली मीच दिसले. स्लाइड वाईट नाहीत, पण त्या बंद पडल्यावर आपल्या तोंडी काही उरलं पाहिजे ना?

आमचं नाव पुकारलं. मी ताट घेऊन उभी राहिले, काही न बोलता एक भाकरी मोडली. काड्‌कन आवाज आला. साहेब वर बघायला लागले. मी म्हटलं, ‘‘साहेब, ही दीड महिन्यापूर्वी केलेली आहे. आज खाल्ली तरी चव तीच. आणि आमची वही बघायच्या आधी मीच सांगते, तिच्यात पाच महिन्यांची पानं कोरी आहेत.’’

मागून मावशी, ‘‘का गं, का कोरी?’’

एका टेबलावरचे दोघं-तिघं हसले. मी सांगितलं, कोरोनात मीटिंग बंद होत्या, पण नंतर प्रत्येकीनं ती बचत हळूहळू भरली, त्याची नोंद पुढच्या पानांवर आहे. साहेबांनी वही मागितली, पानं उलटली, मान हलवली. मग पैसे कशाला, ज्वारी कुठं ठेवणार (पत्र्याच्या कोठ्यांत, कडुनिंबाचा पाला घालून), एकजण गेली तर काय. सगळं मावशींनी विचारलं आणि मी सांगितलं. पाचव्या मिनिटाला मी बसले.

सगळं जमलं असं समजू नका. साहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, ‘‘ताई, खाद्यपदार्थाची नोंदणी केलीय का? फूड सेफ्टीची?’’ मावशींच्या चष्म्यातून हा प्रश्न आला नव्हता! एफएसएसएआयची नोंदणी छोट्या गटालाही लागते. आमची नव्हती. क्षणभर जुनी सवय उफाळून आली, ‘चालू आहे’ म्हणावं का? मावशींकडं बघितलं. म्हटलं, ‘‘नाही साहेब. आम्हाला माहीत नव्हतं. करून आणतो.’’

‘‘आणा, मग करू,’’ साहेब म्हणाले. यावेळी ‘बघू’ नव्हतं.

नोंदणीत, कागदांत एप्रिल उजाडला. दीड लाख खात्यावर आले तेव्हा सुगीचे बरेच दिवस निघून गेले होते, भाव थोडा चढला होता. 20 क्विंटल काही झाली नाही, 14 झाली. बाकीची पावसाळ्यात चढ्या भावानं घेतली. पहिल्या बैठकीतच नीट बोलले असते तर, हे मनातून जात नाही.

मागच्या महिन्यात शेजारच्या गावच्या गटातली एक सून आली होती आमच्याकडं. शेळीपालनासाठी कर्ज हवंय, गुरुवारी बोलायचंय, ताई जरा बघता का? तिनं पर्समधून चार फूलस्केप कागद काढले. मी काही बोलायच्या आत मावशींनी खुंटीवरचा चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला आणि खुर्ची पुढं ओढली.

‘‘ती कागदं ठीव तिकडं. मला सांग, शेळ्या रोगानं मेल्या तर माझे पैसे कोण देणार?’’